गाडीचा कासरा कुणाच्या हाती? माणूस आणि स्वयंचलित वाहन यांच्यातील सामाईक ताब्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लेन सांभाळणाऱ्या आणि आपणहून ब्रेक लावणाऱ्या गाड्या आता छत्रपती संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेडच्या रस्त्यांवर सर्रास दिसतात. वाहन अभियांत्रिकी शिकवताना आणि चालकांसाठी कार्यशाळा घेताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकावे लागले, ते येथे एकत्र केले आहेत. प्रश्न वेगवेगळे असले, तरी बहुतेकांच्या तळाशी एकच विचारणा आढळते: या क्षणी गाडी कोण चालवत आहे, आणि ते दोघांनाही ठाऊक आहे काय?

सामाईक ताबा म्हणजे नेमके काय?

गाडीचे स्टेअरिंग, वेग आणि ब्रेक यांवरचा अधिकार माणूस आणि यंत्रणा या दोघांत वाटलेला असणे म्हणजे सामाईक ताबा. ही वाटणी दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी होते, आणि त्यांतला फरक समजावून सांगायला आपल्या शेतीतल्या दोन जुन्या रीती फार उपयोगी पडतात.

पहिली रीत पाळीची. सामाईक विहिरीवर भावाभावांच्या पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याने मोटार सुरू करायची नसते. तसेच काही यंत्रणांत काही काळ गाडी पूर्णपणे यंत्राकडे असते आणि मग ती माणसाकडे परत येते. दुसरी रीत वारंगुळ्याची. एकेकच बैल असलेले दोन शेतकरी आपापला बैल आणून एक जोडी जुंपतात, आणि मग दोन्ही बैल एकाच जुवाखाली एकाच वेळी ओढतात. काही यंत्रणांत माणसाचा हात आणि यंत्राची मोटर हे दोन्ही एकाच स्टेअरिंगवर एकाच वेळी जोर लावत असतात. पाळीच्या पद्धतीत धोका असतो तो पाळी बदलण्याच्या क्षणाला. वारंगुळ्यात धोका दोघांचे ओढणे एकमेकांविरुद्ध जाण्याचा असतो. पुढची बहुतेक उत्तरे या दोन धोक्यांभोवतीच फिरतात.

विक्रेते "लेव्हल टू" म्हणतात. त्या पातळ्या कोणत्या?

अमेरिकेतील एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये शून्य ते पाच अशा सहा पातळ्या ठरवल्या, आणि आज जगभर तीच भाषा वापरली जाते. शून्य पातळीत गाडी फक्त सूचना देते किंवा अगदी क्षणभर हस्तक्षेप करते. अनेकांना आश्चर्य वाटते, पण संकटाच्या वेळी आपोआप लागणारा ब्रेकही याच पातळीत मोडतो, कारण तो सतत गाडी चालवत नसतो. पहिल्या पातळीत वेग किंवा दिशा यांपैकी एकच गोष्ट यंत्रणा सतत सांभाळते. दुसऱ्या पातळीत ती दोन्ही सांभाळते, मात्र रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम पूर्णपणे माणसाचे असते. तिसऱ्या पातळीत ठरावीक परिस्थितीपुरते लक्ष ठेवण्याचे कामही यंत्रणा घेते आणि बोलावले की माणसाने ताबा घ्यावा अशी अपेक्षा असते. चौथ्या पातळीत ठरलेल्या भागात माणसाची गरजच उरत नाही. कोणताही रस्ता, कोणतेही हवामान, माणूस नको, अशी पाचवी पातळी अजून कागदावरच आहे.

आपल्याकडे शोरूममध्ये विकल्या जाणाऱ्या गाड्या दुसऱ्या पातळीच्या पुढे नाहीत. दुसरी आणि तिसरी यांच्यात आकड्याचा फरक एकाचा दिसतो, पण जबाबदारीच्या दृष्टीने मधली भिंत तिथेच आहे. दुसऱ्या पातळीची गाडी कितीही सफाईने वळली, तरी ती चालवणारे तुम्हीच असता.

दुसऱ्या पातळीच्या गाडीत प्रत्यक्षात काय चालू असते?

समोरच्या काचेच्या आत, आरशामागे एक कॅमेरा असतो. तो पांढरे-पिवळे पट्टे, पुढची वाहने, माणसे ओळखण्याचा प्रयत्न करतो. पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये रडार असते. ते रेडिओ लहरी सोडून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पुढच्या वाहनाचे अंतर आणि वेग मोजते. या दोन्हींच्या माहितीवरून संगणक ठरवतो की वेग किती कमी करायचा आणि स्टेअरिंगची विद्युत मोटर कोणत्या बाजूला किती फिरवायची. तुमच्या हाताला जो हलका ओढा जाणवतो तो याच मोटरचा. तुम्ही त्याच्याविरुद्ध थोडा जोर लावला की यंत्रणा माघार घेते. तशीच ती बांधलेली असते.

हात स्टेअरिंगवर आहे की नाही, हे बहुतेक गाड्या स्टेअरिंगच्या दांड्यावर पडणाऱ्या पिळावरून ओळखतात. म्हणूनच काही लोक स्टेअरिंगला पाण्याची बाटली अडकवून गाडीला फसवतात. असे करणाऱ्याने हे समजून घ्यावे की त्याने गाडीला फसवलेले नसते. गाडीला त्याच्याविषयी असलेली एकमेव माहिती त्याने खोटी केलेली असते. काही गाड्यांत चालकाच्या डोळ्यांवर लक्ष ठेवणारा अवरक्त कॅमेराही असतो, आणि मला तो कितीतरी अधिक प्रामाणिक उपाय वाटतो. युरोपीय संघाने जुलै २०२४ पासून बाजारात येणाऱ्या नव्या मॉडेलांना चालकाचे लक्ष विचलित झाल्याची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची केली आहे.

समृद्धी महामार्गावर गाडी आपोआप लेनमध्ये चालते. तेवढा वेळ नजर काढून विश्रांती घेतली तर काय बिघडते?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

मुंबई ते नागपूर असा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग मराठवाड्यात जालना आणि छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांतून जातो. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे, दुचाकी-तिचाकींना बंदी आहे, आणि मैलोगणती रस्ता सरळ आहे. कॅमेऱ्याला आवडेल असाच हा रस्ता आहे: स्पष्ट पट्टे, एकाच दिशेची वाहतूक, मधे दुभाजक. नेमके याच कारणाने तो माणसाला कंटाळवाणा होतो.

१९४० च्या दशकात ब्रिटनमधील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी रडारच्या पडद्यावर नजर ठेवणाऱ्यांचा प्रश्न हाताळला. त्यांनी एक साधे घड्याळ वापरले. त्याचा काटा एकेक घर पुढे सरके आणि क्वचित कधीतरी दोन घरे उडी मारी. ती उडी टिपायची, एवढेच काम होते. अर्ध्या तासाच्या आतच लोकांची अचूकता लक्षणीय घसरली. ते लोक आळशी नव्हते. ज्या कामात बहुतेक वेळ काहीच घडत नाही, त्या कामावर मन बांधून ठेवणे हे माणसाच्या घडणीतच बसत नाही.

ज्वारीच्या हुरड्याच्या दिवसांत माळ्यावर बसून राखण करणाऱ्याला गोफण फिरवावी लागते, हाका द्याव्या लागतात, पाखरांच्या मागे नजर न्यावी लागते. हाताला काम असते म्हणून डोळा जागा राहतो. दुसऱ्या पातळीची गाडी चालकाकडून राखण करून घेते, पण हातातली गोफण काढून घेते. तिच्यावर नजर ठेवण्याचे काम स्वतः गाडी चालवण्यापेक्षा सोपे नाही; पुष्कळदा ते अधिक कठीण आहे. म्हणून समृद्धीवर ही यंत्रणा लावून विश्रांती घेण्याचा विचार मुळातच उलटा आहे. विश्रांती हवी असेल, तर गाडी थांब्यावर उभी करून घ्यावी. यंत्रणा वापरायची, तर ताज्या मनाने वापरावी.

पुढे थांबलेला ट्रक गाडीला दिसत नाही का?

नेहमी दिसतोच असे नाही, आणि याचे कारण यंत्राच्या रचनेत आहे. रडारला रस्त्याकडेचे फलक, पुलाचे कठडे, दुभाजकाचे लोखंड यांच्याकडूनही प्रतिध्वनी मिळतात, आणि हे सारे स्थिर असते. प्रत्येक स्थिर वस्तूला ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही, म्हणून वेग सांभाळणाऱ्या अनेक यंत्रणा मोठ्या वेगात स्थिर प्रतिध्वनींना कमी महत्त्व देतात. पुढे धावणारा ट्रक त्या सहज ओळखतात. लेनमध्ये उभा असलेला, अंधारातला, मागचे दिवे नसलेला ट्रक त्यांना उशिरा कळू शकतो किंवा अजिबात कळत नाही. गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत हा इशारा दिलेला असतो, पण ती पुस्तिका बहुतेकांच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंदच असते.

वैजापूरजवळ समृद्धीवर १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर यात्रेकरूंचा टेम्पो ट्रॅव्हलर मागून ट्रकवर आदळून १२ जणांचे प्राण गेले. तिथे अशा यंत्रणेचा काही संबंध नव्हता. मी तो प्रसंग एवढ्यासाठीच सांगतो, की रात्री पुढे आलेला ट्रक हे आपल्या रस्त्यावरचे सर्वांत घातक दृश्य आहे, आणि नेमके तिथेच यंत्र सर्वांत दुबळे असू शकते.

उसाच्या ट्रॉल्या, मेंढरांचे कळप, पायी जाणारे भाविक यांचे काय?

दिवाळीनंतर गाळप हंगाम सुरू झाला की बीड, लातूर, धाराशिव, परभणी या भागांत दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि उसाच्या बैलगाड्या रात्रभर रस्त्यावर असतात. बाहेर आलेल्या उसाच्या मोळीला ना दिवा असतो, ना तिचा आकार ठरलेला असतो. नवरात्रात आणि कोजागरीला हजारो लोक पायी तुळजापूरला जातात. आषाढीच्या आधी पैठणहून नाथांची पालखी निघते, शेगावची पालखी मराठवाडा ओलांडून पंढरपूरकडे जाते. आपल्याकडे रस्ता फक्त वाहनांचा कधीच नव्हता.

या संदर्भात अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यातील टेंपी शहरात १८ मार्च २०१८ च्या रात्री झालेला अपघात प्रत्येकाने समजून घ्यावा असे मला मनापासून वाटते. उबर कंपनीची चाचणीतली स्वयंचलित गाडी, चालकाच्या जागेवर देखरेखीसाठी एक व्यक्ती, आणि सायकल हातात धरून रस्ता ओलांडणारी एक महिला. तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात आढळले की यंत्रणेला ती महिला धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. दिसली, पण ओळखता आली नाही. यंत्रणेने तिला कधी वाहन मानले, कधी अनोळखी वस्तू, कधी सायकल. आणि प्रत्येक वेळी मत बदलले की आधीच्या हालचालीची नोंद बाजूला पडून ती कुठे चालली आहे याचा अंदाज नव्याने सुरू होई. ओलांडणीचे पट्टे नसलेल्या जागी कोणी रस्ता ओलांडील, हे त्या रचनेत धरलेलेच नव्हते. गाडीच्या मूळ निर्मात्याने बसवलेला आपत्कालीन ब्रेक चाचणीदरम्यान बंद ठेवलेला होता. आणि देखरेख करणाऱ्या व्यक्तीची नजर मोबाइलवर होती. पादचाऱ्याच्या मृत्यूला स्वयंचलित गाडी कारणीभूत ठरल्याची ही पहिली नोंद.

त्या गाडीच्या रचनेत "पट्ट्यांबाहेर कोणी ओलांडत नाही" हे गृहीत धरले होते. मराठवाड्यातल्या कोणत्याही गावाजवळच्या महामार्गावर हे गृहीतक पाच मिनिटेही टिकणार नाही. म्हणून गाव, फाटा, यात्रेचा मार्ग, कारखान्याचा परिसर येताच लेन आणि वेग सांभाळणारी यंत्रणा काढून टाकावी आणि गाडी पूर्णपणे आपल्या हाती घ्यावी, हाच माझा सल्ला आहे. आपत्कालीन ब्रेक मात्र चालूच ठेवावा. तो तुमच्याकडून काही काढून घेत नाही.

तिसऱ्या पातळीत गाडी माणसाला बोलावते म्हणे. किती वेळ देते?

संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत जून २०२० मध्ये मान्य झालेला नियम क्रमांक १५७ या गाड्यांसाठी आहे. सुरुवातीला तो ताशी ६० किलोमीटरपर्यंत, म्हणजे मुख्यतः महामार्गावरच्या कोंडीपुरता होता. पुढे ही मर्यादा १३० पर्यंत वाढवली गेली. होंडाने मार्च २०२१ मध्ये जपानमध्ये अशा मोजक्या गाड्या भाड्याने दिल्या, आणि मर्सिडीजला डिसेंबर २०२१ मध्ये जर्मनीत मान्यता मिळाली. गाडीने ताबा घ्यायला सांगितल्यावर चालकाने साधारण १० सेकंदांत प्रतिसाद दिला नाही, तर यंत्रणा स्वतःच वेग कमी करत गाडी थांबवते.

दहा सेकंद पुरेसे आहेत का?

पाय ब्रेकवर न्यायला पुरेसे आहेत. परिस्थिती समजून घ्यायला पुरेसे असतीलच असे नाही. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर धावते, म्हणजे दहा सेकंदांत तिसरा भाग किलोमीटर. ब्रिटनमधील अलेक्झांडर एरिक्सन आणि नेव्हिल स्टँटन यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कोणतेही संकट नसताना ताबा परत घ्यायला चालकांना सुमारे २ ते २६ सेकंद लागले. माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा सरासरीचा नव्हे, तर हा पसारा आहे: एक माणूस दोन सेकंदांत तयार असतो, दुसरा पंचवीस सेकंदांनीही नसतो, आणि गाडीला आधी कळत नाही की आपल्या आसनावर यांपैकी कोण बसला आहे.

विमानांनी हा धडा फार आधी आणि फार महाग शिकवला. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात १ जून २००९ रोजी वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ साठले, वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, आणि स्वयंचलित नियंत्रण नियमाप्रमाणे सुटून विमान वैमानिकांच्या हाती आले. अवघ्या साडेचार मिनिटांच्या आत विमान अटलांटिकमध्ये कोसळले आणि २२८ जण मृत्युमुखी पडले. ते प्रशिक्षित वैमानिक होते आणि त्यांच्या खाली कित्येक किलोमीटरची उंची होती. रस्त्यावरच्या चालकाकडे यांपैकी काहीही नसते.

यामागचे कारण ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझेन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच नेमके मांडले होते. यंत्र सोपी कामे घेते आणि अवघड कामे माणसासाठी उरतात. पण रोजची सोपी कामे करता करताच माणसाचा हात घडत असतो, त्यामुळे अवघड वेळ येते तेव्हा माणसाचा सराव सुटलेला असतो. ज्या मुलाने सपाट रानात कधी औत धरले नाही, त्याच्या हाती चढावर बैल उधळल्यावर कासरा देण्यासारखे हे आहे.

गाडी माझ्या ताब्यात आहे की यंत्रणेच्या, हेच कधी कधी कळत नाही. हा माझा दोष आहे का?

नाही. याला तज्ज्ञ अवस्थेचा गोंधळ म्हणतात आणि अनुभवी माणसेही त्यात सापडतात. ६ जुलै २०१३ रोजी सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर एशियाना कंपनीचे बोइंग ७७७ धावपट्टीच्या आधीच्या समुद्रकठड्यावर आदळले आणि तिघांचा मृत्यू झाला. वेग यंत्रणा सांभाळत आहे अशी वैमानिकांची समजूत होती. प्रत्यक्षात ती यंत्रणा अशा अवस्थेत गेली होती की ती वेग सांभाळतच नव्हती.

गाडीत हेच छोट्या प्रमाणात घडते. पट्टे पुसट झाले की लेन सांभाळणे बंद पडते, पण वेग सांभाळणे चालूच राहते. पडद्यावरचे हिरवे चिन्ह राखाडी होते, एवढीच खूण. जालन्याच्या अलीकडे एका ठिकाणी काम चालू असताना जुना पांढरा पट्टा पूर्ण पुसलेला नव्हता आणि माझी गाडी त्या जुन्या पट्ट्यामागे ओढू लागली. हात स्टेअरिंगवर होता म्हणून मला तो ओढा लगेच जाणवला. पडद्यावर नजर ठेवून ते मला कळले नसते. तेव्हापासून मी असे मानतो, की ताब्याची खबर डोळ्यांपेक्षा हाताला आधी मिळाली पाहिजे.

मग सामाईक ताब्याची अधिक चांगली पद्धत कोणती?

माझे मत स्पष्ट आहे: माणूस स्वतः गाडी चालवत असताना यंत्राने त्याच्या हातात हात घालून चालणे, हे पाळी बदलत राहण्यापेक्षा सुरक्षित आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे डेव्हिड अ‍ॅबिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विचारावर बरेच काम केले. त्यांच्या पद्धतीत स्टेअरिंग सतत थोडा थोडा जोर देऊन आपले मत सांगत राहते. चालक सहमत असेल तर हात सैल ठेवतो, नसेल तर थोडा अधिक जोर लावतो. कोणतेही बटण दाबावे लागत नाही, आणि यंत्राचा विचार चुकत असल्याचे चालकाला अपघाताच्या आधी कळते.

अमेरिकेच्या नासा संस्थेत २००३ मध्ये फ्रँक फ्लेमिश आणि सहकाऱ्यांनी यासाठी घोडा आणि स्वार यांची उपमा वापरली होती: लगाम ढिला सोडला की घोडा आपल्या समजुतीने चालतो, लगाम आवळला की स्वाराच्या मनाप्रमाणे. आपल्याला घोड्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. आठवडी बाजारातून रात्री परतताना कासरा ढिला सोडून डुलकी घेणाऱ्या गाडीवानाला खिल्लारी जोडी घरच्या दारात आणून सोडत असे, ही गोष्ट आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिली आहे. पण ओढ्याला पाणी आले असेल तर तीच जोडी काठावर थबके, आणि बैल थबकले की गाडीवानाला जाग येई. बैलाला स्वतःच्या जिवाची भीती असते, आणि ती भीती जुवातून, कासऱ्यातून माणसापर्यंत पोहोचते. आजच्या गाडीत ही भीती नाही. तिला खात्री नसते तेव्हाही ती तितक्याच ठामपणे चालते. यंत्रणेचा विश्वास कमी होऊ लागला की तो स्टेअरिंगमधून हाताला हळूहळू जाणवावा, यावर संशोधन व्हावे आणि ते संशोधन आपल्या रस्त्यांवर व्हावे, असे मला तळमळीने वाटते.

अमेरिकेत तर चालकच नसलेल्या टॅक्सी धावतात. तिथे ताबा कुणाचा?

वेमो कंपनीने ऑक्टोबर २०२० मध्ये फिनिक्सजवळ अशी सेवा सर्वांसाठी खुली केली. गाडी अडखळली तर दूर बसलेला कर्मचारी तिला रस्ता सुचवतो, पण दुरून स्टेअरिंग फिरवत नाही. म्हणजे तिथेही माणूस आहेच, फक्त तो आसनावर नाही. क्रूझ या दुसऱ्या कंपनीच्या गाडीने २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत, दुसऱ्या वाहनाच्या धडकेने समोर फेकल्या गेलेल्या एका महिलेला धडकल्यावर, थांबून पुन्हा बाजूला जाण्याच्या प्रयत्नात सुमारे २० फूट फरफटत नेले, आणि त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाने कंपनीचा परवाना निलंबित केला. गाडीखाली माणूस आहे, हे गाडीला कळले नव्हते.

यंत्रणा चालू असताना अपघात झाला, तर जबाबदार कोण?

आज भारतात उत्तर सरळ आहे: चालक. मोटार वाहन अधिनियम, १९८८ परवानाधारक चालक गृहीत धरतो. धोकादायक वाहन चालवण्याचे कलम १८४ आणि निष्काळजीपणामुळे मृत्यूसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ चालकालाच लागू होते. "लेन असिस्ट चालू होते" हा बचाव होत नाही. जखमींना आणि मृतांच्या वारसांना भरपाई विमा आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत मिळते. कलम १६४ नुसार कुणाची चूक हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी २.५ लाख रुपयांची तरतूद आहे.

ब्रिटनने मे २०२४ मध्ये संमत केलेल्या कायद्यात वेगळी वाट धरली आहे. मान्यताप्राप्त स्वयंचलित यंत्रणा गाडी चालवत असताना वाहन हाकण्यातल्या चुकांसाठी आसनावरच्या व्यक्तीला दोषी धरायचे नाही. ती जबाबदारी मान्यता घेणाऱ्या संस्थेवर येते. पाळी कुणाची होती हे कायद्यातच लिहून ठेवणे मला न्याय्य वाटते. मात्र त्यासाठी अपघाताच्या क्षणी ताबा कुणाकडे होता याची गाडीतली नोंद फक्त कंपनीच्या हाती राहता कामा नये. ती पोलिसांना, न्यायाधिकरणाला आणि अपघातग्रस्ताच्या कुटुंबालाही मिळाली पाहिजे. शहरातल्या मोठ्या वकिलापर्यंत पोहोचू न शकणाऱ्या खेड्यातल्या कुटुंबासाठी ही नोंद म्हणजे एकमेव साक्षीदार असेल.

भारतात विनाचालक गाड्या येतील का? ट्रक आणि जीपवर पोट असलेल्यांचे काय?

२०१९ च्या दुरुस्तीने अधिनियमात आलेले कलम २ब संशोधनासाठी काही वाहनांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला देते, म्हणजे चाचणीचे दार किलकिले आहे. दुसरीकडे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात, चालकांचा रोजगार जाईल म्हणून अशा गाड्या येऊ देणार नसल्याचे सांगितले. कोरडवाहू शेती साथ देत नाही तेव्हा मराठवाड्यातल्या घरातला एक मुलगा स्टेअरिंग धरतो, हे आपण सारे जाणतो. त्यामुळे हा प्रश्न मला तंत्रज्ञानाइतकाच महत्त्वाचा वाटतो. सामाईक ताबा हा येथे मधला आणि मानाचा मार्ग आहे: रात्रीच्या लांब फेरीत यंत्र चालकाचा डोळा जागा ठेवील, आणि चालकाची जागा शाबूत राहील.

ट्रॅक्टरमध्येही असे काही आहे का?

आहे. उपग्रहाच्या आधारे सरळ तास धरणारे ट्रॅक्टर परदेशात बरीच वर्षे वापरात आहेत आणि महिंद्राने २०१७ मध्ये विनाचालक ट्रॅक्टरचे प्रात्यक्षिक दाखवले होते. शेतात वेग कमी, सीमा ठरलेली. त्यामुळे यंत्राकडे ताबा देणे तुलनेने सोपे. धोका आहे तो बांधावर खेळणाऱ्या मुलांचा आणि पिकात वाकून खुरपणाऱ्या बायकांचा, कारण पिकाच्या उंचीत माणूस दिसत नाही.

माझे वडील साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्यासाठी अशी गाडी घेतली आहे. त्यांना काय शिकवावे?

आधी शिकवावे ते बंद करायला. यंत्रणा सुरू करणे विक्रेता दाखवतोच. ती एका बोटात कशी सोडायची, ब्रेकला स्पर्श केल्यावर काय सुटते आणि काय चालू राहते, हे मोकळ्या रस्त्यावर, दिवसा, शेजारी बसून दहा-पंधरा वेळा करून घ्यावे. स्टेअरिंग ओढू लागले तर घाबरून सोडू नये, उलट घट्ट धरावे, हे हाताला कळेपर्यंत सराव करावा. कारण पहिल्यांदा ओढा जाणवला की बरीच वडीलधारी मंडळी "गाडीत बिघाड झाला" असे समजून हात सैल करतात, असे मी पाहिले आहे.

कॅमेऱ्यासमोरची काच रोज पुसावी. उन्हाळ्यातली धूळ आणि कापसाच्या दिवसांतला तंतू त्यावर पातळ थर धरतो. पावसाळ्यात काळ्या रानातून आल्यावर बंपरवरचा चिखल धुवावा, नाहीतर रडार आंधळे होते. पुढे लोखंडी गार्ड बसवू नये. तो बेकायदा आहेच, शिवाय रडारच्या आड येतो. समोरची काच बदलली तर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेमकी जुळणी, करून घेतल्याचा कागद मागावा. कन्नडचा घाट, धुके, मुसळधार पाऊस, कामाचे वळण आणि गावातला रस्ता येथे लेन सांभाळणारी यंत्रणा लावू नये. आणि ते कोणत्या रस्त्याने जाणार आहेत हे ठाऊक असेल, तर पहिल्या फेरीला सोबत जावे, आणि गाडीने कुठे पट्टा सोडला, कुठे उगाच ब्रेक लावला, कुठे ट्रॉली उशिरा ओळखली ते घरी आल्यावर एका कागदावर लिहून तो कागद त्यांच्या गाडीत ठेवावा.